चरित्रकोश १९४५ वर थांबू नये : विश्वकोश मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ, वाई
आणि
मा. सचिव, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या संदर्भ विभागात खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरून दुसऱ्या फळीवर महामहोपाध्याय सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे तीन चरित्रकोश आहेत. प्राचीन १९३२ चा, मध्ययुगीन १९३७ चा आणि अर्वाचीन १९४६ चा. तिन्हींची मूळ बांधणी केव्हाच सुटली, म्हणून माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ते जाड कापडी पुठ्ठ्यात पुन्हा बांधून घेतले होते. ते घरी देता येत नाहीत, जागेवर बसूनच वाचावे लागतात. या पत्राचे कारण त्या तीन ग्रंथांतल्या शेवटच्या ग्रंथात दडलेले आहे.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पदभार सोपवण्यासाठी सगळ्या पुस्तकांची मोजदाद करताना मी अर्वाचीन कोश पानापानाने उलटून पाहिला, तेव्हा त्यातून चिठ्ठ्या निघाल्या. एक-दोन नव्हे, सतरा. काही वहीच्या कागदावर, एक लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, एक दुकानाच्या बिलावर. सुरुवातीला मला वाटले, वाचकांनी खुणेसाठी घातलेले कागद असतील. वाचू लागले तेव्हा कळले की प्रत्येक चिठ्ठीवर एका माणसाचे नाव आहे, आणि अकारविल्ह्याने पाहता कोशात ते नाव जिथे यायला हवे होते, नेमक्या त्याच पानांमध्ये ती चिठ्ठी खोचलेली आहे. नाव, गाव, बापाचे नाव, केलेले काम आणि मृत्यूचे साल. लिहिणारे वेगवेगळे, शाई वेगवेगळी, मधे बहुधा अनेक वर्षांची अंतरे. तरीही सतरा माणसांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली होती, की हे नाव या ग्रंथात असायला हवे होते आणि ते नाही. त्यातली एक चिठ्ठी सुईणीची आहे. तिने गावातली बाळंतपणे केली आणि कोणाकडून पैसा घेतला नाही, एवढेच दोन ओळींत लिहिले आहे; मृत्यूच्या जागी ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असे आहे. तारीख नाही, तिथी नाही. लिहिणाऱ्याला तेवढेच ठाऊक असावे.

ज्या भाषेतले वाचक कोशाच्या पानांत अशा चिठ्ठ्या ठेवतात, त्या भाषेत चरित्रकोशाचे काम अखंड चालू असायला हवे, एवढे एकच म्हणणे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

हे काम मराठीला नवे नाही. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश’ १८७६ साली निघाला आणि त्यानंतर त्यांनी अर्वाचीन व्यक्तींचाही कोश केला. इंग्लंडमध्ये लेस्ली स्टीफन यांच्या संपादनाखाली राष्ट्रीय चरित्रकोशाचा पहिला खंड निघाला तो १८८५ साली. म्हणजे आपल्याकडचे काम त्याच्याही आधी सुरू झाले होते. पुढे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड अवघ्या काही वर्षांत उभे केले. त्याच पुण्यात चित्रावशास्त्र्यांनी वेद-पुराणांतल्या व्यक्तींपासून स्वतःच्या काळापर्यंतची माणसे तीन ग्रंथांत बसवली. त्यांनी केलेली कालविभागणी मला नेहमी विचार करायला लावते. मध्ययुग इसवी सनापूर्वी ३२१ मध्ये सुरू होते आणि १८१८ मध्ये संपते. एका टोकाला मौर्यांचा उदय आणि दुसऱ्या टोकाला पेशवाईचा अस्त. साऱ्या भारतवर्षाचा कोश करणारा माणूस शनिवारवाड्याच्या गावात बसून पाहत होता, हे त्या १८१८ या आकड्यातून स्वच्छ दिसते. मी यात दोष काढत नाही. प्रत्येक कोश कुठेतरी उभा राहूनच पाहतो. म्हणूनच पुढच्या पिढीने दुसऱ्या जागी उभे राहून तो पुन्हा पाहायचा असतो.

अर्वाचीन कोशाची मर्यादा १९४५ आहे. त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गं. दे. खानोलकरांचा ‘मराठी वाङ्मयकोश’ १९७७ मध्ये आला, पुढे संक्षिप्त वाङ्मयकोशाचे दोन भाग आले, राज्याच्या गॅझेटिअर विभागाने स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश काढले, आणि ‘शिल्पकार चरित्रकोशा’च्या खंडांनी क्षेत्रवार माणसे गोळा केली. गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नोंद पां. पु. शिरोडकर यांनी १९८६ आणि १९९० मध्ये दोन खंडांत केली, ती इंग्रजीत. कलकत्त्याला एस. पी. सेन यांच्या संपादनाखाली १९७२ ते १९७४ या काळात राष्ट्रीय चरित्रकोशाचे चार खंड निघाले, तेही इंग्रजीत. आपल्या विश्वकोशाच्या वीस खंडांत तर व्यक्तिनोंदी शेकड्यांनी आहेत, आणि त्या आज कोणालाही मोबाइलवर मोफत वाचता येतात, याचे मोल माझ्यासारख्या ग्रंथपालाला कोणी सांगायला नको. पण विश्वकोशाला साऱ्या विश्वाची माणसे सामावून घ्यायची असतात. त्यात नगर जिल्ह्यातल्या शिक्षिकेला किंवा कोकणातल्या बोटबांधणी करणाऱ्याला किती जागा मिळणार? लेखक एका कोशात, सैनिक दुसऱ्यात, चित्रकार तिसऱ्यात, आणि ज्याने शाळाही काढली, तुरुंगवासही भोगला आणि नाटकही लिहिले, तो तिन्हींत अर्धा-अर्धा. यातला बहुतेक प्रत्येक कोश छापला गेला त्या दिवशी थांबला. त्यात चूक सापडली तर कळवायची कोणाला, याचे उत्तर मुखपृष्ठावरही नसते आणि मलपृष्ठावरही नसते.

या उणिवेची किंमत कोण मोजते, ते एका प्रसंगावरून सांगते. काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी वाचनालयात आली. तिला शाळेत सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्यावर भाषण करायचे होते आणि जयंतीची ९ जानेवारी ही तारीख तिने मोबाइलवरून उतरवून आणली होती. तिच्या शिक्षकांनी, आणि हे शिक्षक मला भेटायला हवे होते, प्रत्येक माहितीपुढे ‘आधार’ असा रकाना आखायला सांगितला होता. ती म्हणाली, “मॅडम, ही तारीख कोणी लिहून ठेवलीय?” आम्ही दोघींनी मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय काढले. त्यात १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे आणि त्यात फातिमाचा उल्लेख आहे. त्या मुलीने तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, पेन्सिलीने पानाचा क्रमांक उतरवून घेतला. जन्मतारखेचा समकालीन पुरावा मात्र आम्हाला मिळाला नाही. मी तिला सांगितले, पत्राचा आधार लिही आणि तारखेपुढचा रकाना रिकामा ठेव. ती थोडी खट्टू होऊन गेली. पुढे या नावावरून देशभर वाद पेटला. एका बाजूने व्यक्तीच काल्पनिक ठरवली गेली आणि दुसऱ्या बाजूने निराधार तारीखही छातीठोकपणे सांगितली गेली. तेव्हा मला त्या रिकाम्या रकान्याची आठवण झाली. ‘एवढे ठाऊक आहे, एवढे ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते या कागदावरून’ अशी तीन वाक्यांची एक अधिकृत मराठी नोंद त्या दिवशी उपलब्ध असती, तर त्या वादातला निम्मा गोंगाट झालाच नसता.

तारखांचा प्रश्न वरवरचा नाही. शिवरायांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला की शके १५५१ च्या फाल्गुनातला, यावर महाराष्ट्र किती वर्षे भांडला हे आपण जाणता. जेधे घराण्यात जपलेली तारीखवार टिपणे, म्हणजे जेधे शकावली, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि फाल्गुन वद्य तृतीयेच्या बाजूने भक्कम कागद उभा राहिला. पुढे ‘शिवभारत’ या शिवकालीन संस्कृत काव्याने त्याला दुजोरा दिला. म्हणजे छत्रपतींची जन्मतिथीसुद्धा कोणीतरी दप्तर उघडले म्हणून ठरली. केशवसुतांची जन्मतारीख एका पुस्तकात १५ मार्च १८६६ मिळते आणि दुसऱ्यात ७ ऑक्टोबर १८६६. दोन्ही तारखा वाचकांपुढे ठेवून कोणती का धरली, हे सांगणे कोशाचे काम आहे. अलीकडच्या माणसांची तर आणखी वेगळी गोष्ट. आमच्या पिढीत आणि आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली १ जून ही जन्मतारीख हजारो दाखल्यांवर आहे. माझ्या थोरल्या भावाचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनचाच आहे आणि आई मात्र सांगायची की तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. उद्या कोणी दाखल्यावरून चरित्रनोंद लिहिली तर अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मलेला दिसेल. दाखला कुठे विश्वासाचा आणि घरची आठवण कुठे विश्वासाची, हे जाणणारा संपादक यासाठीच लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत नावापासूनच अडचण सुरू होते. मनकर्णिका गोखले लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाल्या. पंडिता रमाबाई माहेरच्या डोंगरे आणि लग्नानंतर मेधावी. ज्या स्त्रीने लग्नाआधी एका नावाने सत्याग्रह केला आणि लग्नानंतर दुसऱ्या नावाने बालवाडी चालवली, ती दोन नोंदींत दुभंगते किंवा एकाही नोंदीत येत नाही. माझ्या सतरा चिठ्ठ्यांपैकी पाच स्त्रियांच्या आहेत आणि त्यांतल्या दोघींचे फक्त सासरचे आडनाव लिहिलेले आहे, स्वतःचे नाव नाही. ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ एवढेच. चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते, तरी त्या कोशात असाव्यात असे त्याला वाटले. हे मी कितीतरी वेळा मनात घोळवले आहे.

कोण नोंद होण्याजोगा, हा प्रश्न आपल्यापुढे सर्वांत अवघड असणार आणि तो सोपा आहे असे मी म्हणत नाही. इंग्लंडच्या कोशकारांनाही १९९३ मध्ये, मूळ मालिका सुरू झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, केवळ वगळलेल्या माणसांचा एक स्वतंत्र खंड काढावा लागला. आपल्याकडे ताराबाई शिंदे यांचेच पाहा. बुलढाण्याच्या या बाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापून आणली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली नसती तर आज अभ्यासक्रमात शिकवले जाणारे हे पुस्तक कोणत्या फळीवर असते? नव्वदहून अधिक वर्षे ते लोकांच्या नजरेआड होते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो आपण अभिमानाने उद्धृत करतो, पण त्या मुलीचे पुढचे आयुष्य आपल्या हाती जवळजवळ नाही. तेव्हा ‘महत्त्वाचे कोण’ हे त्या-त्या काळाला कळतेच असे नाही. त्यासाठी उपाय एकच, की निवड आज होवो अथवा न होवो, कच्चा मालमसाला गोळा करून, तपासून, सांभाळून ठेवायचा. माझ्या चिठ्ठीतल्या सुईणीला राष्ट्रीय कोशात स्वतंत्र नोंद मिळावी असा माझा आग्रह नाही. तिचे टिपण कुठेतरी अशा जागी असावे, जिथे पन्नास वर्षांनी सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिणारा कोणी हात घालील, असा आग्रह मात्र आहे.

हे बोलणे हवेतले नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठाने आपल्या चरित्रकोशाचा पहिला खंड १९६६ मध्ये काढला. तेथे प्रांताप्रांतातले अभ्यासगट नावे सुचवतात, नोंदी लिहिणारे बहुतेक लोक मानधनाशिवाय लिहितात, आणि मध्यवर्ती कार्यालयात पगारी संपादक प्रत्येक तारीख, प्रत्येक दाखला मूळ कागदाशी ताडून पाहतात. २००६ पासून तो कोश सर्वांसाठी मोफत खुला आहे. आयर्लंडच्या अकादमीने २००९ मध्ये नऊ खंड काढले, काम तिथेच न थांबवता नवनव्या नोंदी घातल्या आणि २०२१ मध्ये सगळा कोश मोफत केला. आयर्लंडची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहून कमी आहे. तिथे जे शक्य झाले ते आपल्या राज्याला पेलणार नाही, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, वाई येथील मंडळात चरित्रकोशाचा एक कायमस्वरूपी कक्ष असावा. प्रकल्प नव्हे, कारण प्रकल्पाला मुदत असते, मुदत संपली की कपाटाला कुलूप लागते आणि कुलपाची किल्ली बदली झालेल्या माणसाबरोबर जाते. माणसे थोडी चालतील, पण ती कंत्राटी नसावीत. विश्वकोशाच्या अद्ययावतीकरणासाठी आपण विषयवार ज्ञानमंडळे नेमलीच आहेत. त्याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत चरित्रमंडळे नेमता येतील. त्यांत महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांबरोबर सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल असावेत, हे माझे विशेष सांगणे आहे. गावातल्या गौरवांकांच्या, शाळांच्या शताब्दी स्मरणिकांच्या, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली आमच्याच माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यभर ग्रंथालयांचे जे जाळे विणले गेले, त्याला वर्तमानपत्रे लावण्यापलीकडचे इतके नेमके आणि इतके गरजेचे काम आजवर कोणी दिलेले नाही. बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथली मराठी माणसे आणि गोव्यातली मंडळी यांना या मंडळांत पहिल्या दिवसापासून जागा असावी, पुरवणीत नव्हे.

जुने कोश लोकांना खुले करणे हेही याच कामाचे अंग आहे. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने महाजालावर आणला, त्याचा उपयोग आम्ही रोज केला आहे. गोडबोल्यांच्या कोशांवर आज कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. चित्रावशास्त्री १९८४ मध्ये निवर्तले, म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षांच्या नियमाने त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०४४ अखेरपर्यंत राहील. तोवर थांबायचे की हक्कधारकांशी बोलून, त्यांना योग्य मोबदला देऊन ते ग्रंथ आजच शोधण्याजोग्या स्वरूपात आणायचे, हा निर्णय शासन करू शकते. आमच्या प्रतीचे कागद कडेने तपकिरी होऊन तुटू लागले आहेत. घडी पडलेला कोपरा सरळ करायला गेले की हातात येतो. २०४४ पर्यंत ती प्रत टिकणार नाही.

नोंदींच्या भाषेबद्दल थोडे बोलते, कारण हे मी रोज वाचत आले. ‘थोर’, ‘महान’, ‘अजातशत्रू’, ‘व्रतस्थ’ या शब्दांनी भरलेली नोंद वाचून वाचकाला काहीही कळत नाही. किती शाळा काढल्या, कोणत्या साली, पैसा कोठून आणला, कोणाशी मतभेद झाले, कोणते काम फसले, हे कळले पाहिजे. वारसदारांना आवडणार नाही म्हणून दुसरे लग्न किंवा पक्षांतर गाळलेली नोंद ही स्मरणिकेत शोभते, कोशात नाही. आणि नोंदीतल्या प्रत्येक तारखेच्या पाठीमागे तो आधार वाचकाला दिसावा, चूक दाखवण्याची सोय त्याच पानावर असावी, दुरुस्ती केव्हा आणि कोणत्या पुराव्यावरून झाली याची नोंद राहावी. आठवीतल्या मुलीच्या वहीत जो रकाना आहे तो राज्याच्या कोशात असावा, यापेक्षा अधिक मी मागत नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाबरोबर जे प्रयत्न आणि जो निधी येईल, त्यातला काही वाटा प्राचीन ताम्रपटांबरोबरच या भाषेत जगलेल्या माणसांच्या नोंदीकडे वळावा, असे सुचवण्याचे धाडस करते.

त्या सतरा चिठ्ठ्या मी पदभार सोपवताना नव्या ग्रंथपालांना दाखवल्या. त्यांच्या संमतीने प्रत्येक चिठ्ठीची नक्कल काढून, ती कोणत्या दोन पानांमध्ये सापडली त्या पानांचे क्रमांक कडेला लिहून घेतले आणि मूळ चिठ्ठ्या होत्या तिथेच परत ठेवल्या. सात जणांबद्दल मी गावोगाव फिरून थोडी चौकशीही केली आहे. तिघांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत मिळाली, एकाच्या शाळेचे हजेरीपत्रक मिळाले. सुईणीची नात सापडली. आजीचे नाव विचारल्यावर तिने ते लगेच सांगितले आणि मी समोरच लिहून घेतले. हे सगळे कागद एका जाड पाकिटात घालून तयार ठेवले आहेत. ते कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवावेत, तेवढे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल